पांढऱ्या पाठीची बदकं

अमेरिकेतल्या चेसापीकच्या खाडीकाठी एल्वूड डाईझइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. देवदाराच्या ओंडक्यातून तो शिकाऱ्यांसाठी लाकडी बदकं कोरायचा. तांबडं डोकं, पांढरी पाठ, चोच किंचित वर. पाण्यावर सोडली की वरून जाणारा खरा थवा भुलून खाली उतरे. बदकाचं डोकं आखायचा पुठ्ठ्याचा साचा तो झोपतानाही उशाखाली ठेवायचा. न जाणो, कुणी ढापला तर!

दरसाल हंगामाआधी शिकारी जुनी बदकं नव्या रंगासाठी त्याच्याकडे आणत. यंदा कुणी फिरकलंच नाही. दुकानात तो शिरला की बोलणी बंद, लगेच वाऱ्या-पावसाच्या गप्पा. एल्वूडच्या मनात पाल चुकचुकली. त्यातच शेजारच्या विल्मरच्या बाहीवर त्याला पांढरे डाग दिसले. विल्मर होड्या रंगवायचा खरा, पण थंडीच्या तोंडावर होडी कोण रंगवतं? चाळीस वर्षं एका ताटात कालवं खाल्ली, आणि आता हाच आपल्या पोटावर पाय देतोय म्हणायचा.

रविवारी गाव चर्चमध्ये असताना तो विल्मरच्या शेडमध्ये घुसला. कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली त्याचीच बदकं ओळीनं मांडलेली, निम्म्यांच्या पाठी खरवडून नव्यानं रंगवलेल्या. संशय खरा ठरला याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याला रडूच येऊ लागलं.

"मिळालं का शोधत होतास ते?" दारात विल्मर उभा होता.

"मिळालं. मित्राच्याच घरात चोर."

विल्मर चिडला नाही. त्यानं दोन बदकं उचलली, एक स्वतः रंगवलेलं, एक एल्वूडच्याच जुन्या रंगातलं, आणि काठाशी पाण्यात सोडली. बदक पारखायचं ते लांबून आणि पाण्यावर, हे त्याला एल्वूडनंच शिकवलं होतं. दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले.

"आता सांग, तू रंगवलेलं कोणतं?"

एल्वूडनं डोळे चोळले, टोपी पुढं ओढली. दोन्ही सारखीच दिसत होती. यातही काहीतरी लबाडी असणार, असं त्याला वाटलं.

"दोन्ही एकाच रंगाची आहेत. मला खुळ्यात काढतोस?"

"डावं निळं आहे, एल्वूड. चांगलं निळं. दोन हंगाम तू पांढऱ्यात निळं ओततोयस. पाखरं वरच्या वर वळतात, म्हणून शिकारी गुपचूप माझ्याकडे आणतात."

"मग मेल्यांनी मला का नाही सांगितलं?"

"चोच जाड झाली म्हणणाऱ्याला तू कुऱ्हाड घेऊन फाटकापर्यंत पळवलंस. तुला कोण सांगणार?"

एल्वूड पुन्हा पाण्याकडे बघत राहिला. कितीही बघितलं तरी त्याला निळं दिसेना. शेवटी तो घरी गेला.

सोमवारी सकाळी तो टोपलीभर कोरी बदकं घेऊन विल्मरच्या दारात हजर. पाठी तू रंगव, डोकी मी रंगवीन, एवढंच बोलला आणि बाकड्यावर बसून विल्मरच्या ब्रशवर नजर रोखली.

"दिसतंय का काही?" विल्मरनं विचारलं.

"तुला काय करायचंय? हात नीट चालव."

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून पुठ्ठ्याचा साचा काढला आणि विल्मरच्या पुढ्यात ठेवला.

"हा इथंच राहू दे," तो म्हणाला. "आणि कुणाला दाखवलास तर बघ."