तिसरं लाल कडं

अधारतालला आमच्या गल्लीत बळीराम उमाठ्यांचं नाव निघालं की लोक हात झटकून म्हणतात, "पागल था बेचारा." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अरे, घरातला नळ गळला तर तुम्ही चार दिवस प्लंबरच्या नावाने बोंबलता, आणि ज्यांनी आपल्या अंगणात उडणारं यंत्र उभं केलं त्यांना पागल म्हणून राहिले! पागल नव्हते ते. सव्वीस वर्षं मी त्यांचं काम तपासलंय, मला विचारा. फक्त एक कृपा करा, आता जे सांगणार आहे ते त्यांच्या बायकोच्या, अनसूयेच्या कानावर घालू नका.

आम्ही दोघं एकाच फॅक्टरीत होतो. फौजेच्या ट्रकांचे भाग बनायचे तिथे. ते वेल्डर, मी तपासणीत. नियम असा, की बनवणाऱ्याने आपला माल आपणच पास करायचा नाही, तो माझ्या टेबलावर यायचा. चांगला असला तर हिरवा ठिपका. खराब असला तर जिथे खोट तिथे लाल रंगाचं कडं. लाल लागलेला माल दुरुस्त होऊन परत माझ्याकडेच यायचा. बाकीचे वेल्डर लाल पाहिलं की गयावया करायचे, "मॅडम, जरा देख लो ना." मी एकेकाला असं काही सुनावायची, की पुन्हा नाव काढायचे नाहीत. बळीरामजींनी कधी वाद घातला नाही. "विनताताईंनी लाल मारलं म्हणजे खोट आहेच," म्हणायचे आणि निमूट ग्राइंडर उचलायचे.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढत मला म्हणाले, "ताई, चौतीस वर्षं मी एकच ब्रॅकेट बनवला. आता एक चीज पूर्ण बनवतो, बुडापासून शेंड्यापर्यंत." मला वाटलं, झोपाळा बनवतील अंगणात. कायचा झोपाळा! विमान काढलं बाप्पा.

विमान म्हणजे तीन चाकांचा गाडा, त्यावर एक खुर्ची, खुर्चीमागे चार पाइपांच्या चौकटीवर मोटरसायकलचं इंजिन आणि इंजिनाला लाकडी पंखा. वर दोऱ्यांनी बांधलेली कापडाची लांबरुंद छत्री, वारा भरला की पंखासारखी ताणली जाणारी. ही छत्री त्यांनी डोंगरावरून उडणाऱ्या एका माणसाची जुनी घेतली, आणि त्याच्याकडे महिनाभर राहून उडायला शिकूनही आले. हे होण्यासारखं आहे का, ते त्यांनी आधी तपासलं. गाडा जांभळाच्या झाडाला दोराने बांधायचा, मध्ये पोती तोलायचा स्प्रिंगकाटा लावायचा, इंजिन सुरू करायचं आणि गाडा किती जोराने ओढतो ते वाचायचं. पन्नास किलोची ओढ पाहिजे होती. पहिल्या इंजिनाने अठ्ठावीस दाखवली.

"यानं पतंग उडवा जी," मी म्हटलं आणि पोट धरून हसले.

त्यांनी जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं मोठं इंजिन आणलं. पंखा सहा वेळा नव्याने तासला. काटा शेहेचाळीसवर जाऊन बसला, तो काही केल्या हलेना. मग म्हणाले, यंत्र जास्त ओढत नाही ना, चलो, मीच हलका होतो. एक वेळचं जेवण बंद. अनसूया पोळीला तूप लावून द्यायची, बळीरामजी ते रुमालाने पुसून खायचे. पाच महिन्यांत दहा किलो उतरले, गालफडं बसली. पण हिशेब जमला.

एका शनिवारी दुपारी अनसूया माझ्याकडे आली आणि बसल्या बसल्याच रडायला लागली. "ताई, ते माझं ऐकत नाहीत, पोरीचं ऐकत नाहीत. उद्या ते तुमच्याकडे येऊन राहिले, यंत्र तपासायला चला म्हणून. तुमचं लाल ते देवाच्या वर मानतात. तुम्ही लालच मारा. दोनदा-तीनदा मारलं की थकतील, सोडून देतील."

मी तिला झापलं. "सव्वीस वर्षांत खोटं लाल मारलं नाही मी, आता म्हातारपणी मारू?" तिने माझे पाय धरले. मी हो म्हटलं. उगीच तिच्यावर कशाला ढकलू, मलाही ते जिवंत पाहिजे होते.

रविवारी सकाळी बळीरामजी दारात हजर. हातात रंगाचे दोन छोटे डबे, एक हिरवा, एक लाल, आणि नवा ब्रश. "नियम तो नियम, ताई."

यंत्र मी दोन तास पाहिलं. काय वेल्डिंग होतं हो! सगळीकडे एकसारखी बारीक शिवण. फॅक्टरीत असं काम मी कोणाला दाखवत फिरले असते. मी इंजिनाच्या चौकटीचा मागचा डावा जोड निवडला, कारण तिथे हात पोहोचायला सगळ्यात कठीण, दुरुस्तीला सगळं इंजिन उतरवावं लागणार होतं. त्या जोडाभोवती लाल कडं ओढलं. "वेल्ड आत उतरली नाही," मी म्हटलं. त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "मला दिसत नाही, पण तुम्हाला दिसलं म्हणजे असेलच," म्हणाले. मला तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

महिन्याने परत बोलावलं. मी परत त्याच जोडावर लाल मारलं. ते पुन्हा निमूट इंजिन उतरवायला बसले.

तिसऱ्या वेळी मनाशी ठरवून गेले होते, की आता बास. तपासायचं, चांगलं असेल तर हिरवा ठिपका द्यायचा, आणि पुढे त्यांचं नशीब. जोडावर डिझेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड फासली. भेग असली की आत शिरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ उमटली. केसाएवढी, पण पाइपाच्या अर्ध्या घेराला. दोनदा ग्राइंडरने घासून पाइप पातळ झाला होता आणि दोनदा तापून चिरला होता. चांगला जोड होता तो. मी बिघडवला होता.

मी त्या रेघेभोवती लाल कडं ओढलं. "बळीरामजी, भेग आहे. हा पाइपच बदला."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अनसूयेनं परवा सगळं सांगितलं, ताई. मी वजन कमी करता करता चक्कर येऊन पडलो, तर घाबरली बिचारी आणि बोलून गेली. दोन्ही लाल खोटी होती ना?"

"ती होती. हे खरं आहे. ही पाहा रेघ."

"ग्राइंडरचा ओरखडा आहे तो. त्यातही डिझेल भरते, तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला." मग खाली पाहत म्हणाले, "सव्वीस वर्षं तुमच्या लालवर मी कधी शंका घेतली नाही. माझ्याशी काहून असं केलं?"

मी ओरडले, शपथा घातल्या, अनसूयेला हाक मारली. ती दारात आली आणि तिने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तिला वाटलं, तिने सगळं सांगून टाकलं तरी मी अजून तिच्यासाठीच नाटक करून राहिले. टाकीतलं पेट्रोल मी मोरीत ओतून द्यायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

पुढच्या आठवड्यात सकाळीच ते गाडा टेम्पोवर टाकून बरगीकडच्या पडीक रानात गेले. मागोमाग मी रिक्षा करून पोहोचले, तेव्हा छत्री भरली होती. लाल कडं त्यांनी पुसलं नव्हतं. तपासणीचा रंग माल बनवणाऱ्याने पुसायचा नाही, हाही नियमच. मी हातवारे करत धावले. त्यांना वाटलं असेल, निरोप देऊन राहिली. त्यांनीही हात हलवला.

गाडा उचलला गेला. खरंच उडाले हो ते. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीएवढे वर गेले, एक वळण घेतलं. मग इंजिन एका बाजूला कललं, पंखा दोऱ्यांत गेला आणि छत्री मिटली.

हवालदाराने तुटलेला पाइप उचलून विचारलं, "ये लाल रंग किसने लगाया?" पाइप बरोबर कड्यातूनच तुटला होता. "मैंने," मी म्हटलं. त्याने ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर अनसूया माझ्याजवळ येऊन बसली. तिने कित्येक दिवसांपासून धड काही खाल्लं नव्हतं. "ताई, खरं सांगा. ते शेवटचं लाल... ते खरं होतं का? मी जर त्यांना सांगितलं नसतं, तर त्यांनी तुमचं ऐकलं असतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नाही गं. तेही खोटंच होतं. वाऱ्याने दोरी पंख्यात अडकली असेल."

ती खूप रडली. मग तोंड धुऊन आली, मी ताट वाढलं, चार घास खाल्ले तिने. खाता खाता म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुमचं ऐकलं नाही, यात त्यांची काही चूक नव्हती ना? त्यांना तुमचं खोटं बरोबर ओळखता आलं?"

"हो," मी म्हटलं आणि तिच्या पोळीला तूप लावलं.