बांधावरची गोगलगाय आणि तळ्यातली

काचेच्या पेटीत मासे पाळणं हा रिकामटेकड्यांचा धंदा. तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. मासा तळ्यात असावा, नाहीतर रश्श्यात. पण माझा साळा अकोल्याला नोकरीला लागून साहेब झाला होता. बहिणीला लुगडं आणायचं सोडून त्यानं एसटीत मांडीवर घेऊन काचेची पेटी आणली, आणि दोन लाल मासे.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मंगरूळपीरला एका जैन कापडवाल्याच्या घरामागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहायचो. मी दिवसभर स्टँडवर हमाली करायचो, बायको घरात एकटी. मूलबाळ नव्हतं. माशांशी बोलत बसायची. माझ्याशी काय बोलणार, माझं तोंड हे असं.

पेटी ठेवली खिडकीत. ऊन लागून काचेवर शेवाळ धरलं. तिनं काथ्यानं घासलं तरी चार दिवसांत पुन्हा हिरवीगार, आणि वास. घरमालक नाकाला धोतराचा सोगा लावून आले.

"बाई, हे सडून राह्यलं. दिवाळीपावतर साफ करा, नाहीतर मासे विहिरीत सोडा."

विहीर खोल. त्यात सोडलेला मासा पुन्हा कुठला दिसतो! ती दोन दिवस धड जेवली नाही.

साळेसाहेब आले तेव्हा तिनं विचारलं. "ताई, गोगलगाय टाक. ते शेवाळ खाते," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. कोणती गोगलगाय, ते त्या शहाण्याला तरी कुठं ठाऊक!

हिनं शेताच्या बांधावरून पाच-सहा चांगल्या गलेलठ्ठ वेचून आणल्या आणि सोडल्या पाण्यात. सकाळी एक भिंतीवर, एक माझ्या चपलेत, बाकीच्या तुळशीवर. तुळशीची चाळणी झाली.

"अवो, ह्या तं पळाल्या!"

"गायच हाये ना? चराले गेल्या असतीन. सांजच्याले येतीन वापस."

हसली नाही. दिवाळी तोंडावर आली होती.

मग बाजारात तळ्यातले शिंगाडे आले. ते धुताना वेलाला चिकटलेल्या वाटाण्याएवढ्या काळ्या गोगलगायी तिला दिसल्या. पाणी सोडून हलेनात. तिनं त्या पेटीत टाकल्या.

"ह्या कायले काम करतीन? काचेच्या या टोकाहून त्या टोकाले जाईस्तोवर शिमगा येईन."

"तुमच्याहून बऱ्या. काम करतात अन् बोलत नाहीत."

दिवाळीआधी मालक आले. हिरव्या काचेवर बोट फिरवावं तशा साफ वाटा पडल्या होत्या, आणि एका वाटेतून लाल मासा बाहेर बघत होता. मालक वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"खाऊन राह्यली की वो ही!"

आता जेवत्या जिवाला उठवा असं जैन माणूस कोणत्या तोंडानं सांगणार? "पेटी तेवढी उन्हातून काढा," म्हणाले आणि गेले. हे आधी सांगायला त्यांचं काय जात होतं कोण जाणे. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मासे केव्हाच मेले. यंदा तीही गेली. गोगलगायी तेवढ्या पिलावळ वाढवत राहिल्या, निर्लज्ज. मी त्यांना रोज शिव्या देतो, त्या उत्तर देत नाहीत.

पेटी मी पुन्हा खिडकीत, उन्हात ठेवली आहे. शेवाळच नसलं तर ह्या रांडा खातील काय?