बाहेरचा नाय, घरचाच

आमच्या गावच्या पुढाऱ्यांनी, भाऊंनी, माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि तोंड लोकांकडे फिरवलं. बाजारात आम्ही गिऱ्हाइकाला माशाचा कल्ला उचलून दाखवतो ना, तसं.

"बघा! आपल्या सारसोळ्याच्या लेकीचा डोळा बघा! कुणी केलं हे? बाहेरून आलेल्यांनी! उद्यापासून गावात एक परप्रांतीय भाडोत्री दिसता कामा नये!"

टाळ्या. शिट्ट्या. महिला सुरक्षा मेळावा होता तो. मला नवी साडी नेसवून स्टेजवर उभी केलेली. "तू नुसती उभी रा, बोलायचं काम नाय," असं नवऱ्याने घरीच बजावलेलं. नवरा भाऊंचा खास माणूस. मंडप, खुर्च्या, बॅनर सगळं त्याच्याकडे. आदल्या दिवशी माझा डोळा सुजवला तोही त्यानेच. बाजारातून यायला उशीर झाला म्हणून. आणि भाऊंना जाऊन सांगितलं, शेजारच्या भाडोत्र्याने मारलं.

शेजारी एकच भाडोत्री, सुनीताभाभी आणि तिचा नवरा. तो पावणे इथल्या कारखान्यात कामाला. मी भिंतीशी पडले होते तेव्हा हीच बाई आत घुसली, माझ्या नवऱ्याला ढकललं, माझ्या डोळ्याला बर्फ लावला. ती खाली बायकांत बसली होती. लोक तिच्याकडे बोटं दाखवायला लागले. बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार मी खायचा आणि माझ्या नावाने घर हिचं उठवायचं? अरे वा रे वा!

भाऊंचा हात झटकला. माईक ओढला.

"बाहेरचा नाय! तो बघा, मागं उभा हाय. माझा नवरा. त्यानं मारलंय मला!"

भाऊंच्या माणसांनी माईक बंद केला. केला तर केला. मासळी बाजारात तयार झालेला गळा आहे माझा. पुन्हा ओरडले, पार मागच्या खुर्चीपर्यंत.

भाऊ दातओठ खात म्हणाले, "वैनी, घरातली भानगड चारचौघांत काढतात काय?"

मघाशी मी लेक होते.

"डोळा चारचौघांत तुमीच दाखवलात ना?"

तशीच भाभीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "ताई, मिटवून टाका." मी फरशीवर फतकल मारली. "मिटवायला नाय आले सायेब. लिवून घ्या." शेवटी घेतलं.

आता भाऊंची माणसं माझ्या मासळीच्या पाटीसमोर येऊन उभी राहतात, गिऱ्हाईक फिरकू नये म्हणून. छातीत धडधडतं. खोटं कशाला बोलू? पण कोर्टाची तारीख लागली की मी उभी राहणार, साक्षीला भाभी उभी राहणार. नवऱ्याचं नाव मी त्याच्या तोंडावर घेणार. केस मागं घेणार नाय.