आठवी 'ब'चा तर्काचा तास

शिक्षकांच्या खोलीत किस्से साठवावे लागत नाहीत. चहा गार होतो, वह्या तपासायच्या राहतात आणि कुणीतरी म्हणतंच, "आज काय झालं माहितीये?" ऐंशीच्या दशकात, मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेत हे बहुतेक वेळा मीच म्हणायचे. कारण आमचे मुख्याध्यापक, करंदीकर सर.

सरांनी कुठेतरी वाचलं, जुने ग्रीक लोक मुलांना आधी भाषा, मग तर्क, मग वक्तृत्व शिकवायचे. झालं! आठवी 'ब'चा पी.टी.चा एक तास कापून तर्काचा केला.

"सर, मी गणिताची आहे हो."

"भूमितीत सिद्धता शिकवता ना? मग तर्क तुमचाच."

पी.टी.चे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिलं: सगळ्या मुलांनी गृहपाठ करायला हवा. नितीन मुलगा आहे.

"नितीन, निष्कर्ष काय?"

"मी गृहपाठ करायला हवा होता."

"मग का नाही केलास?"

"बाई, ते ह्यातून निघत नाही."

* * *

आठवड्याभरात नितीनची मालवणी आई शाळेत हजर. "बाई, ह्येका काय शिकयलात? रॉकेलच्या रांगेत जा म्हटलंय, तर म्हणता कारण सांग. कारण सांगितलंय, तर म्हणता ह्या कारण न्हय, ह्यो हुकूम."

मी ओशाळून म्हटलं, "मी समजावते त्याला."

"त्येका नको. माका शिकवा. घोवाक बराच काय काय इचारूचा आसा."

* * *

मग वक्तृत्व. विषय, 'परीक्षा असाव्यात की नसाव्यात'. सुनंदा नावाची एक शांत मुलगी दोन्ही बाजूंनी बोलली आणि दोन्ही वेळा जिंकली.

सर खूश. "बाळ, तुझं स्वतःचं मत काय?"

"त्याला मार्क आहेत का, सर?"

* * *

शेवटी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी एकच विचारलं, "हे बोर्डाच्या पेपरात येतं?"

"नाही," सर म्हणाले.

"मग बंद करा."

दुसऱ्या दिवशी माझा तास चालू असताना सर वर्गात आले. चेहरा उतरलेला. "मुलांनो, हा तास आजपासून बंद. वरून सांगितलंय."

सुनंदा उभी राहिली. "सर, 'वरून' हे कारण झालं की पत्ता?"

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी शेवटच्या बाकावरच्या मुलाला सरकायला सांगितलं, त्याच्याशेजारी बसले आणि मला म्हणाले,

"बाई, घंटा व्हायला वेळ आहे. शिकवा."