चकत्यांचा आवाज

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच — आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला सांगता सांगता इतक्या वेळा थांबलो की आता थांबण्याचीच सवय झाली आहे. तुमची माझी ओळख नाही, म्हणून बरं. ओळखीच्या माणसासमोर जीभ जड होते.

गोष्ट तशी लहान. घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरएवढी. पण त्याआधी आमची बैठक कशी जमली ते सांगतो — हो, मी टाळतोय, मलाही कळतंय. थोडं टाळू द्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. मामेभाऊ बोटीवर नोकरीला. एकदा सुटीवर येताना त्यानं परदेशातल्या रेडिओवरून टेप केलेली कॅसेट आणली आणि ‘हे काय आहे मला कळत नाही, तूच बघ’ म्हणून माझ्याकडे टाकली. ड्रम अँड बेस हे नावसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ड्रमच्या वादनाचे तुकडे कापून, पळवून, उलटसुलट जोडलेले, आणि त्यांच्याखाली सावकाश चालणारा खर्ज. वर नुसती धावपळ, खाली शांतता. आठवडाभर मी दुसरं काही ऐकलं नाही. आणि मग एकच प्रश्न मला छळायला लागला — या गावात असलं ऐकणारा आणखी कोणी असेल का?

मी चिठ्ठ्या लिहिल्या. झेरॉक्स काढून मेन रोड आणि कॉलेज रोडच्या कॅसेटच्या दुकानांत, इंग्रजी गाण्यांच्या कप्प्यात गुपचूप सरकवल्या. ‘असलं संगीत आवडणारं कोणी असेल तर रविवारी सकाळी दहाला या.’ खाली घरचा पत्ता. पहिले दोन रविवार आईनं केलेले पातेलंभर पोहे आम्ही मायलेकांनीच संपवले. तिसऱ्या रविवारी सातपूरहून सायकल मारत मिलिंद आला.

मिलिंद सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्रा घालायचा, प्रेस खाली यायचा, गोल चकती कापून डब्यात पडायची — दिवसभर हेच. माझी कॅसेट त्यानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, “हे तर आमच्या प्रेस-शॉपमधलंच हाय. फक्त कोणीतरी नीट लावलंय.” मला हसू आलं. आईलाही आलं, कारण ती आतून म्हणालीच होती, की हे गाणं आहे का गिरणी.

वर्षभरात आम्ही अकराजण झालो. मालेगावहून रियाज यायचा, भल्या सकाळची एसटी पकडून. त्याच्या घरचे माग होते आणि तो टेपरेकॉर्डर मागाजवळ ठेवून आवाज भरून आणायचा. ऐकता ऐकता आम्ही करायलाही लागलो. कोणाच्या कॉम्प्युटरवर, कोणाच्या दोन डेकवर, जसं जमेल तसं. आणि मग नियम ठरले. कॅसेटवर नाव लिहायचं नाही. सगळ्या कॅसेटी बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, मी एकेक काढून लावणार. कोणाची कोणती ते कोणी विचारायचं नाही. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. आवडलं तर एवढंच म्हणायचं — “परत.” कोणी परत म्हटलं की मी कॅसेट मागे घ्यायची आणि पुन्हा लावायची. या नियमाचा आम्हाला केवढा अभिमान! इथे वशिला नाही, ओळख नाही, नुसते कान — हे वाक्य माझंच. नव्या माणसाला मी ते ऐकवायचो.

आता स्क्रूचं सांगतो.

कॅसेट डेकमध्ये टेपला टेकणारा एक भाग असतो, त्याला हेड म्हणतात. त्याच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. प्रत्येकाची कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली, त्यामुळे दर कॅसेटला तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे करावा लागायचा. बरोबर बसला की आवाज उघडतो. चुकला की वरचे बारीक आवाज जातात आणि गोधडीखालून ऐकू आल्यासारखं वाटतं. हे काम माझं होतं. कानाला हेडफोन लावून दहा सेकंदांत मी स्क्रू जुळवायचो. माझ्या हाताला सगळे मानायचे. मिलिंद तर सर्वांत जास्त.

आणि ‘परत’ सगळ्यात जास्त कोणाला मिळायचं? मिलिंदला. कॅसेटवर नाव नसलं तरी मला कळायचं — त्याच्या कॅसेटी पारदर्शक असायच्या, स्वस्तातल्या, आतली चाकं दिसणाऱ्या. मला ‘परत’ मिळायचं, नाही असं नाही. पण ते पाहुण्याला आणखी एक पोळी वाढतात तसं. चिठ्ठ्या मी लिहिल्या, घर माझं, डेक माझा, पोहे माझ्या आईचे — आणि लोक यायचे ते त्या पारदर्शक कॅसेटीत या खेपेला काय आहे ते ऐकायला. हे मला खुपायचं. तो सातपूरच्या कामगार वसाहतीतला, मी गंगापूर रोडचा, हेही त्यात होतं का? नव्हतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पुढे एकदा पुण्याहून एक गृहस्थ येणार असं ठरलं. लहान गावांतून असलं संगीत करणाऱ्यांची एक सीडी ते काढत होते. नाशिकचा एकच तुकडा घेणार होते. ‘आमच्या पद्धतीनंच निवडा’ असं मी त्यांना कळवलं, आणि त्यांनाही ते फार आवडलं.

मिलिंदनं त्यासाठी चार महिने काम केलं. डब्याच्या पिशवीत छोटा रेकॉर्डर लपवून त्यानं प्रेसचा आवाज भरून आणला होता. जुन्या कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे केले. पण त्याचा जीव होता चकत्यांवर — कापलेल्या चकत्या डब्यात पडतात तो आवाज. सांगायचं नाही असा नियम असूनही त्यानं मला दारातच सांगितलं, “बाकी जाऊ दे, चकत्या ऐक. पाऊण इंचाच्या वेगळ्या वाजतात, एक इंचाच्या वेगळ्या.”

त्याची कॅसेट तिसरी निघाली. मी हेडफोन लावला, स्क्रू जुळवला, आणि — हे मला नीट सांगायला हवं — मी ती आधी बरोबर जुळवली होती. दहा-बारा सेकंद मी एकट्यानं ती पूर्ण उघडी ऐकली. प्रेसचा ठोका खाली दूर कुठेतरी, आणि वर त्या चकत्या, शेकडो, प्रत्येकीचा सूर वेगळा. त्या खोलीत त्याच्याइतकं चांगलं कधी काही वाजलं नव्हतं. मला ते कळलं. मला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं म्हणू का? नको.

मी स्क्रू पाव आटा उलटा फिरवला. मग स्पीकर चालू केले.

सगळ्यांच्या समोर केलं. बाकीचे दहाजण आणि पाहुणे, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. चकत्या गेल्या. उरला धबधब आवाज, साडेचार मिनिटं. मिलिंद कोपऱ्यात बसला होता. आधी त्यानं मान पुढे केली, मग कानामागे हात धरला. संपल्यावर कोणी ‘परत’ म्हटलं नाही. पुढची कॅसेट लावताना मी स्क्रू पुन्हा जागेवर आणला.

पाहुण्यांनी निवडली रियाजची मागाची कॅसेट. माझी नाही. मला काय मिळालं मग? काहीच नाही — आणि तरीही मी गप्प राहिलो. पण खरा गुन्हा इथे संपत नाही, इथून सुरू होतो.

सगळे गेल्यावर मिलिंद जिन्यात थांबला होता. “एक विचारू? खरं सांग,” तो म्हणाला. “तुला चकत्या ऐकू आल्या?”

विचार करा, किती सोपं होतं. ‘नाही आल्या, हेड जुळलं नव्हतं वाटतं, वर चल, परत लावू’ — मत्सर लपवूनसुद्धा एवढं म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, हा स्क्रूपर्यंत पोचेल. मी म्हणालो, “आल्या की. स्वच्छ.”

जिन्याखाली लावलेल्या सायकलचं कुलूप तो काढायला लागला. मग म्हणाला, “मला नाय आल्या.”

त्यानंच पुढचं सगळं जोडलं. त्यांच्या शॉपमध्ये सगळ्यांचंच कधी ना कधी असं होतं, बारीक आवाज आधी जातात. मग घरी कशा ऐकू येतात? तर घरी मीच बनवलंय, न ऐकताही मनात वाजतं. इतकं पटण्यासारखं बोलला, की क्षणभर मलाही खरं वाटलं. डॉक्टरला दाखव, असंही मी म्हणालो नाही. दाखवलं असतं तर कान चांगले निघाले असते.

महिनाभरानं तो आला तो एक खोका घेऊन. रेकॉर्डर, वायरी, कोऱ्या पारदर्शक कॅसेटी. “तुझ्याकडं राहू दे. ज्याला ऐकू येतं त्यानं करावं.” असं म्हणून हसला. कारखान्यात अर्ज-विनंत्या करून त्यानं प्रेसवरून स्टोअरला बदली घेतली, उरलेले कान वाचावेत म्हणून. प्रेसवर तो कारागीर होता. स्टोअरमध्ये खोकी मोजायचा. यावर मी कित्येक वर्षं मनाशी म्हणत आलो, की चला, त्या निमित्तानं त्याचे कान तरी वाचले. ही पळवाट मी स्वतःच शोधली, स्वतःच वापरली. आता नको.

बैठक पुढे चारेक वर्षं चालली. तो यायचा, पोहे खायचा, ऐकायचा, पण ‘परत’ कधी म्हणाला नाही. म्हणायचा, माझ्या कानांचा काय भरवसा. नव्या पोरांना मात्र माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, “आवाजातलं काही अडलं तर याला विचारायचं. याच्यासारखा कान नाशकात नाही.” मग घरोघर सीडी आल्या, इंटरनेट आलं, ज्याला त्याला घरबसल्या सगळं मिळायला लागलं आणि माणसं यायची थांबली. त्याचं फारसं दुःख नाही. त्याची ती कॅसेट माझ्या कपाटात आहे. पुन्हा लावायचं धाडस झालेलं नाही.

नंतर त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, सातपूरलाच, मोकळ्या मैदानात मांडव घालून. दुपारची वेळ. लग्न लागलं होतं, पंगती बसत होत्या, माणसांचा नुसता कालवा, आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांवर गाणी चालू. मिलिंद पाण्याचा जग घेऊन माझ्याजवळ आला आणि एकदम थांबला. मान जराशी वळवली.

“डाव्या बाजूचा स्पीकर फाटतोय का रे?” त्यानं विचारलं. “का माझ्याच कानांचं आहे?”

मी ऐकलं. त्या गोंगाटात मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग कळलं. अगदी बारीक चिरका आवाज, वरच्या सुरांच्या टोकाला. मांडवात दोनशे माणसं होती. तो त्याला एकट्याला ऐकू आला होता.

“नाही रे,” मी म्हणालो. “बरोबर वाजतोय.”

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या पंगतीला पाणी वाढायला गेला.

स्पीकर फाटत होता. आणि त्या रविवारी चकत्या माझ्याशिवाय कोणालाच ऐकू आल्या नव्हत्या.