खोट्या बाजारातली कत्तल

आभासी चलनाच्या बाजाराचं सॉफ्टवेअर तपासायला मी लॅपटॉपवर त्याची नक्कल उभी केली. नाणी खोटी, गिऱ्हाईकं खोटी. नावं सुचेनात म्हणून घरच्यांचीच घातली: नाना, मावशी, आई.

"पाड आता भाव," शेजारच्या टेबलावरची मेघना म्हणाली. "बघू कोण जगतंय."

मी बटण दाबलं. लाल ओळी धडाधड कोसळल्या; उधारीवर घेतलेली नाणी बुडाली की खातं आपोआप बंद. नाना गेले, मावशी गेली. आईचं खातं तेवढं तग धरून राहिलं, आणि मला चक्क संताप आला. दातओठ खात मी भाव आणखी चेपला, ती संपेपर्यंत. सगळं खोटं होतं, पण दात दुखत होते.

"पुन्हा एकदा," मेघना म्हणाली.

एका आज्ञेत सगळी जिवंत झाली. आईचं नाव बदलावं, असं मनात आलं. बोट आधीच बटणावर होतं.