रिकव्हर झाला
फिनेलचा वास आला की माझा जबडा अजून दुखतो. निजामी जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. थोरल्या भावानं माझा टकरीचा एडका मला न विचारता विकला, म्हणून मी त्याच्या डोक्यात कोयता घातला आणि कोयता डोहात फेकून दिला. भाऊ जिंतूरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होता. नव्या जमादारानं मला दोन दिवस तुडवलं. "कोयता रिकव्हर होऊ दे, मग बघतो तुला!" दोन दात पडले, पण मी कबूल केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला फिनेलचा वास मारणाऱ्या त्या दवाखान्यात फरफटत नेलं, तर कंपाउंडर दारातच म्हणाला, "जमादारसाब, रिकव्हर झाला." मला वाटलं, कोयता घावला. मी छाती काढून ओरडलो, "व्हय, मीच हाणला! माझा एडका का इकला त्यानं?" कंपाउंडर हसला. "येड्या, कोयता न्हाई, तुझा भाऊ बरा झाला!" तेवढ्यात आतून भावाचा बारीक आवाज आला, "गप की रं मुडद्या! धोंड्यावर पडलो म्हनून आत्ताच सांगितलंय मी." एका शब्दाचे दोन अर्थ मी जेलात शिकलो. भावाची माफी तेवढी मागितली नाही, आणि आता मागावी म्हटलं तर तो राहिला नाही.